गाडी राखायची तर बोलले पाहिजे

(रात्रीच्या साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज धडा वाचायचा नाही. पुस्तके मिटून ठेवा. वही मात्र उघडी राहू द्या, कारण थोडा हिशेब करायचा आहे.

गेले पंधरा दिवस गावात एकच कुणकुण आहे. आपली मुक्कामाची गाडी बंद होणार, म्हणतात. रात्री आठला येते, देवळापुढे मुक्काम करते आणि पहाटे सहाला परत तालुक्याला जाते, ती गाडी. कुणी म्हणतो, पुढच्या महिन्यापासून बंद. कुणी म्हणतो, दिवाळीनंतर. पारावर तेच बोलणे, डेअरीवर तेच, पिठाच्या गिरणीत तेच. पण तालुक्याला जाऊन विचारले कुणी नव्हते. म्हणून गेल्या मंगळवारी आम्ही, सरपंचबाई आणि बचत गटाच्या अध्यक्षा असे तिघे जण आगारात जाऊन आलो. आगार म्हणजे डेपो. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा पाजला आणि सरळ सांगितले, "गुरुजी, निर्णय झालेला नाही. पण गाड्या कमी आहेत. ज्या फेऱ्यांचे उत्पन्न कमी, त्यांची यादी करायची आहे. तुमची फेरी त्या यादीत येण्यासारखी आहे."

म्हणजे अजून वेळ आहे. आपल्यात म्हण आहे ना, बैल गेला नि झोपा केला. बैल अजून गोठ्यात आहे. झोपा आत्ताच करायचा.

आता तुमच्यातले कुणी मनात म्हणत असतील, गेली तर गेली एक गाडी. सकाळी दहाची आहेच की. खरे आहे. पण दहाच्या गाडीने जो जातो त्याला घाई नसते. सहाच्या गाडीने कोण जाते ते बघा. आपल्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून पुढे तालुक्याला जावे लागते. सहाच्या गाडीने आज आपल्या गावच्या आणि खालच्या वाडीच्या मिळून अकरा मुली हायस्कुलात आणि ज्युनिअर कॉलेजात जातात. सरकारने खेड्यातल्या मुलींना पाचवी ते बारावी एस. टी.चा पास फुकट केला आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना. पण पास फुकट असून काय करायचे, जर गाडीच नसेल? पास गळ्यात घालून अठरा किलोमीटर चालायचे का?

आम्ही शाळेत पस्तीस वर्षे काढली. मुलगी शाळेतून कशी सुटते ते आम्हांला चांगले ठाऊक आहे. कुणी बाप उठून म्हणत नाही की मी मुलीला शिकवणार नाही. तो म्हणतो, "गुरुजी, शिकवली असती हो. पण जायची सोय नाही." एवढ्या एका वाक्यात मुलीचे दप्तर खुंटीला लागते.

2021 सालचा हिवाळा आठवा. करोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. दिवाळीच्या सुमारास एस. टी. कामगारांचा मोठा संप सुरू झाला, तो 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या संपात कामगारांचे म्हणणे काय होते आणि सरकारचे काय होते, तो आजचा विषय नव्हे. त्यांच्या घरी चुली होत्याच, आणि काही घरांत फार दुःखे झाली. आपण आपल्या गावापुरते बघू. त्या पाच-सहा महिन्यांत वडापवाल्या जीपगाडीने मुलींना रोज पूर्ण भाडे पडू लागले. ज्यांना परवडले त्यांनी पाठवले. चौघींच्या घरी परवडले नाही. गाडी सुरू झाली तेव्हा त्या चौघींतली एक परत शाळेत गेली. दोघींची लग्ने झाली. एक अजून घरी आहे, शिवणाचे मशीन चालवते आणि तुमच्यातल्या दोन जणींना तीच संध्याकाळी अक्षरे गिरवून देते. हुशार पोर आहे. दहावीला सहज पास झाली असती.

गाडी बंद होणे म्हणजे काय, हे आपण एकदा असे बघून बसलो आहोत.

परवा एका तरुण गड्याने आम्हांला पारावर अडवले. म्हणाला, "गुरुजी, आता घरोघरी मोटारसायकल आहे. एस. टी. पाहिजे कुणाला?" आम्ही त्याला म्हटले, बाबा, तुझ्या घरी माणसे किती? म्हणाला, सहा. मोटारसायकली किती? एक. ती कोण चालवतो? तो चालवतो. मग त्याची आई गुडघ्याचे औषध आणायला कशी जाते? बायको माहेरी कशी जाते? आजोबा पेन्शनचे पैसे काढायला बँकेत कसे जातात? गडी हसला आणि म्हणाला, "यष्टीनं." पाहा बरे. सहांतल्या एकाला गाडी नको आहे, आणि बोलतो तोच मोठ्याने.

ही एस. टी. आपल्याकडे आली कशी, तेही थोडे सांगतो. पूर्वी खाजगी सर्व्हिस मोटारी असत. मोटार भरली की सुटायची. वेळेला बंधन नव्हते. टपावर माणसे, मागच्या शिडीला माणसे. जिथे धंदा असेल तिथे मोटार जाई. डोंगराकडे कुणी फिरकत नसे. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्या वेळच्या मुंबई राज्याच्या सरकारने ठरवले की लोकांच्या प्रवासाची सोय सरकारने करावी. 1948 सालच्या 1 जूनला पहिली एस. टी. पुणे आणि अहमदनगर या दोन शहरांमध्ये धावली. 1950 साली दिल्लीच्या तेव्हाच्या संसदेने अशा महामंडळांसाठी कायदा केला. पुढे 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले आणि 1961 साली आपले महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले. नाव लांबलचक आहे, वहीत एकदा लिहून काढा. आज त्याचे अडीचशेच्या आसपास डेपो आहेत आणि रोज पन्नास लाखांहून अधिक माणसे त्याच्या गाड्यांतून जातात.

त्या 1950 च्या कायद्यात दोन गोष्टी आहेत. दोन्ही ध्यानात ठेवा. कलम 18 म्हणते की लोकांना पुरेशी, चांगली आणि परवडणारी वाहतूक देणे हे महामंडळाचे काम आहे. कलम 22 म्हणते की महामंडळाने आपला कारभार व्यापाराच्या रीतीने चालवावा. म्हणजे एका हाताने लोकांची सेवा करा, दुसऱ्या हाताने गल्ला सांभाळा. ही ओढाताण कायद्यातच आहे. डेपोच्या साहेबाला वरून विचारतात, गल्ला किती? आपण खालून विचारतो, गाडी कुठे? तो बिचारा मध्ये.

पूर्वी ही ओढाताण एका युक्तीने मिटत असे. मोठ्या शहरांच्या मार्गांवर गाड्या भरून जात. तिथे चार पैसे सुटत. त्या पैशांतून डोंगरातल्या आणि माळावरच्या फेऱ्यांची तूट भरून निघे. थोरल्या भावाने मिळवावे आणि धाकट्याला सांभाळावे, तसे. पण आता लांबच्या प्रवाशाला खाजगी ट्रॅव्हल्सच्या गाड्या आहेत, स्वतःची मोटार आहे. थोरल्याचीच मिळकत कमी झाली. मग धाकट्याचे ताट काढून घ्यावे असे कुणाच्या मनात येते.

आता हिशेब करू. वही घ्या.

एस. टी.च्या भाड्याचा एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. आपला रस्ता अठरा किलोमीटर, म्हणजे तीन टप्पे. हिशेब सोपा व्हावा म्हणून तिकीट तीस रुपये धरू. गाडीत तीस माणसे बसली आहेत असेही धरू. तीस गुणिले तीस. किती? नऊशे. बरोबर.

पण ही तीस माणसे कोण कोण? दहा मुली आहेत, त्यांना पास फुकट. पाच मुलगे आहेत, त्यांना विद्यार्थ्यांचा पास, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा द्यावा लागतो, दहा रुपये. चार माणसे पंचाहत्तर वर्षांवरची आहेत. त्यांना 2022 सालच्या ऑगस्टपासून तिकीट नाही. सहा बायका आहेत. त्यांना 2023 सालच्या मार्चपासून अर्धे तिकीट, पंधरा रुपये. राहिले पाच पुरुष, त्यांचे पूर्ण तिकीट.

आता कंडक्टरच्या थैलीत किती पडले ते बघा. पाच पुरुषांचे दीडशे. सहा बायकांचे नव्वद. झाले 240. मुलांच्या पासाचे पन्नास रुपये डेपोत आधीच भरलेले. ते धरून 290. मग नऊशेतले बाकीचे 610 रुपये कुठे आहेत?

ते सरकारने द्यायचे आहेत. सवलत सरकारने जाहीर केली, तिची भरपाई सरकार महामंडळाला देते. अशा सवलती आज तीसच्या आसपास आहेत. चांगल्या आहेत. त्या नकोत असे कुणी म्हणू नये. सवलत ही काही आपल्याला घातलेली भीक नव्हे, आपण भरलेल्या करातलाच तो पैसा आहे. पण हे 610 रुपये वेळेवर पोचले नाहीत तर काय होते? एस. टी. एका लिटर डिझेलवर साडेचार-पाच किलोमीटर चालते. आपल्या अठरा किलोमीटरला चार लिटर धरा. लिटरला नव्वद रुपये धरले तर 360 रुपये. थैलीत 240, आणि नुसते डिझेल 360 रुपयांचे. अजून ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार, टायर, दुरुस्ती हे सगळे राहिलेच.

पाहिलेत? गाडी माणसांनी भरलेली आहे. तरी तिच्याजवळ डिझेलपुरते पैसे नाहीत.

हे नुसते फळ्यावरचे गणित नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये सरकारकडून पुरती रक्कम आली नाही, म्हणून एस. टी.च्या कामगारांना मार्चचा पगार सुरुवातीला शंभरातले छप्पन्नच रुपये मिळाला. वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत छापून आले होते. त्याच सालच्या जूनमध्ये सरकारने एस. टी.च्या पैशांविषयी श्वेतपत्रिका काढली. श्वेतपत्रिका म्हणजे सगळ्यांसमोर मांडलेला खरा हिशेब. त्यात साठत आलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. करोनाच्या आधी अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, त्या 2024 सालापर्यंत पंधरा हजारांच्या आसपास आल्या. जुन्या मोडीत निघाल्या, नव्या तितक्या आल्या नाहीत. नव्या घ्यायचे आता ठरले आहे, काही आल्याही आहेत. 2025 च्या 25 जानेवारीपासून भाडे शंभराला जवळजवळ पंधरा रुपयांनी वाढले, ते आपण सगळ्यांनी सोसले. आणि गंमत अशी, की सरकार एस. टी.च्या भाड्यावर साडेसतरा टक्के प्रवासी करही घेत आले आहे. एका हाताने द्यायचे, दुसऱ्या हाताने काढायचे. आम्हांला तरी यात शहाणपण दिसत नाही.

एकदा सेवा मोडली तर परत उभी करणे किती अवघड असते, ते शेजारच्या मध्य प्रदेशाला विचारा. तिथले एस. टी. महामंडळ तोट्यात गेले. 2005 साली ते बंद करायचे ठरले. पुढे गावोगावच्या गाड्या खाजगी मालकांच्या हाती गेल्या. जिथे प्रवासी तिथे गाडी, नाही तिथे नाही. 2025 साली तिथल्या सरकारने पुन्हा सार्वजनिक बससेवा सुरू करायचे ठरवले. मध्ये वीस वर्षे गेली. वीस वर्षांत आठवीतल्या मुलीची मुलगी आठवीत जायला येते.

आता आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, आणि ही तुम्हांला कडू लागेल. गाडीत बसा. सकाळी सहाच्या आधी दहा मिनिटे वडापची जीप देवळापाशी येऊन हॉर्न वाजवते आणि चार पुरुष पटकन चढून बसतात. वडापवाला आपल्याच गावचा मुलगा आहे. त्याच्या पोटावर पाय द्या असे आम्ही म्हणत नाही. त्याला दुपारचा धंदा आहे, बाजारचा आहे, लग्नसराईचा आहे. पण सहाच्या गाडीचे पूर्ण तिकीट देणारे पाच जण तेवढे त्याच्या जीपमध्ये गेले, तर थैलीतले 240 रुपये नव्वदावर येतात. मग आगारात साहेब कागद बघतो. तिथे एक शब्द आहे, भारमान. चव्वेचाळीस जागांच्या गाडीत अकरा माणसे असली तर भारमान पंचवीस. कागदावर आकडा कमी दिसला की पुढचे सगळे बोलणे लंगडे होते. वडापवाला पास घेत नाही, अर्धे तिकीट घेत नाही, आणि पावसात दरड आली की चार दिवस फिरकत नाही, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट, वही. आपण कामकरी माणसे अर्ज लिहितो तो असा: "मेहेरबान साहेबांस विनंती की गावची फार गैरसोय होते, तरी मायबाप सरकारने दया करावी." असे शंभर अर्ज येतात आणि शंभर फायलीत जातात. फार गैरसोय म्हणजे किती? ते लिहा. उद्यापासून पंधरा दिवस या वर्गातले दोघे जण रोज पहाटे देवळापाशी उभे राहतील आणि रात्री आठलाही. वहीत पाच रकाने आखा. पुरुष, बायका, मुली, मुलगे, म्हातारी माणसे. गाडी किती वाजता आली तेही लिहा. उशिरा आली तर उशिरा लिहा, वेळेवर आली तर वेळेवर लिहा. आपल्या सोयीचे तेवढेच लिहिले तर वहीची किंमत राहत नाही. सहा महिन्यांपूर्वी तुमच्यातल्या कित्येकांना आकडा वाचता येत नव्हता. आज तुमच्या हातची वही डेपोत जाऊन साहेबाच्या टेबलावर बसणार आहे.

याच्या जोडीला डेपोच्या दप्तरातला आकडाही मागवता येतो. 2005 साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर. आपल्या फेरीचे गेल्या बारा महिन्यांचे उत्पन्न किती आणि सवलतीचे प्रवासी किती, एवढेच विचारायचे. त्यांचा आकडा आणि आपला आकडा शेजारी शेजारी ठेवायचा.

तिसरी गोष्ट, ग्रामसभा. ग्रामसभेत निवांत चौकशी करून झाल्यावर सगळे चहाला उठतात, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. या वेळी तसे नको. गणपूर्तीला शंभर मतदार किंवा शंभरातले पंधरा, यांत जे कमी असेल तेवढी माणसे हजर पाहिजेत. आणि ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा घ्यायची असते, कायद्यातच तसे आहे. आपल्याकडे ती बहुतेक वेळा कागदावर होते. या वेळी खरोखर घ्या. मुलगी शाळेला जाते ती आईच्या भरवशावर, आणि दवाखान्याला एस. टी.ने जास्त करून बायकाच जातात. मग ठरावावर पहिले बोलणे त्यांचे नको का? अक्का, तुम्ही मान हलवताय, पण त्या दिवशी बोललेही पाहिजे. दोनच वाक्ये बोला. "माझी नात सहाच्या गाडीनं जाते. गाडी गेली तर ती घरी बसंल." पुरे झाले.

चौथी गोष्ट, कुणाशी काय बोलायचे. इथे आपली माणसे घोटाळा करतात. सवलतीचे पैसे सरकारकडून आले नाहीत म्हणून कंडक्टरशी भांडतात. त्याच्या हातात तिकिटाचे यंत्र आहे, सरकारची तिजोरी नाही. गाडीची वेळ, फेरी, मुक्काम याविषयी डेपोच्या प्रमुखाकडे बोलावे. तिथे नाही झाले तर जिल्ह्याच्या ठिकाणी विभाग नियंत्रक असतात, त्यांच्याकडे जावे. पण पैशाचे बोलणे आमदाराकडेच करायचे. कारण राज्याचे पैसे कुठे किती द्यायचे ते विधानसभेत ठरते, आणि तो अर्थसंकल्प बहुतेक वर्षी मार्चमध्ये मांडला जातो. आपण एप्रिलमध्ये गेलो तर आमदार म्हणतील, आता पुढच्या वर्षी बघू. नोव्हेंबर-डिसेंबरातच गेले पाहिजे. आणि एकट्या आपल्या गावाने नाही. ही गाडी वाटेत सात वाड्या आणि तीन गावे घेते. प्रत्येक गावाचा ठराव पाहिजे. आमदाराला विचारायचे ते असे, की सवलतीची भरपाई दर महिन्याला महामंडळाला पुरी मिळावी म्हणून तुम्ही सभागृहात प्रश्न विचाराल का? होय की नाही? पुढाऱ्याला "आमच्याकडे लक्ष असू द्या" म्हटले की तो खूश होतो, कारण त्याला काही करावे लागत नाही. नेमका प्रश्न विचारला की तो वहीत लिहून घेतो.

कुणीतरी मघाशी मागून म्हणाले, रस्ता अडवू, गाडी अडवू. अडवून कुणाला अडवणार? आपल्याच मुलींना. आणि काच फुटली तर ती गाडी आठ दिवस दुरुस्तीत पडते, आधीच गाड्या कमी. ज्या गाडीसाठी भांडायचे तिलाच दगड मारायचा, हे आम्हांला कधी समजले नाही. मोर्चा काढायची वेळ आली तर काढू. सगळे मिळून तिकीट काढून त्याच गाडीने तालुक्याला जाऊ आणि डेपोपुढे बसू. भारमान तरी वाढेल.

एक शंका खालच्या आळीच्या नानांनी बोलून दाखवली. "गुरुजी, आपल्या एवढ्याशा गावाचं कोण ऐकतंय?" नानांचे वय झाले आहे, पुष्कळ अर्ज वाया गेलेले त्यांनी पाहिले आहेत. गाडी राहीलच अशी हमी आम्ही देऊ शकत नाही. कदाचित साहेब म्हणतील, मुक्काम काढतो, पण पहाटे साडेसहाला तालुक्याहून गाडी पाठवतो. तेही चालेल, मुली शाळेत पोचतात की नाही एवढे बघायचे. पण यादी करणाऱ्या माणसाची रीत लक्षात घ्या. पन्नास फेऱ्यांतल्या दहा कमी करायच्या असतील, तर जिथून कुणीच काही बोलले नाही तिथली तो आधी काढतो. त्यात त्याचा दुष्टावा नसतो. त्याला वाटते, इथे कुणाला गरज नसावी.

अर्जाचा मजकूर आम्ही तयार केला आहे. वाचून दाखवतो. कठीण शब्द वाटला तर थांबवा.

"मा. आगार प्रमुख यांस. आमच्या गावाहून पहाटे सहाला सुटणारी मुक्कामाची गाडी चालू ठेवावी. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत आहे. या गाडीने आमच्या व खालच्या वाडीच्या अकरा मुली शिक्षणासाठी रोज तालुक्याला जातात. ही गाडी बंद झाल्यास शाळेच्या वेळेत पोचणारी दुसरी गाडी नाही. पंधरा दिवसांत या गाडीने प्रवास केलेल्या माणसांची नोंद सोबत जोडली आहे. फेरीत बदल करायचा झाल्यास त्याआधी ग्रामपंचायतीला लेखी कळवावे व गावाचे म्हणणे ऐकावे. आम्ही गावकरी शक्य तितका प्रवास याच गाडीने करू, असे ग्रामसभेने ठरवले आहे."

शेवटचे वाक्य वाचताना काही माना खाली गेल्या, त्या आम्ही पाहिल्या. ते वाक्य खरे करायचे नसेल तर आत्ताच खोडू.

काय, राहू द्यायचे? बरे, राहिले.

ग्रामसभा 2 ऑक्टोबरला आहे. बायकांची सभा आदल्या दिवशी दुपारी तीनला शाळेत, म्हणजे रानातून यायला सवड होईल. नोंदीची वही उद्यापासून. पहिल्या पाच दिवसांना कोण उभे राहणार त्यांनी आत्ता नावे सांगा. पहाटेच्या वेळी थंडी असते, घोंगडी घेऊन या. आणि अर्जावर सही करायला ज्याला त्याला आपल्या हाताने यायचे आहे. पेने चार आणली आहेत. शाईचा पॅड मात्र आम्ही घरी ठेवून आलो आहोत. वेळ लागला तरी चालेल, कंदील रात्री दहापर्यंत जळेल इतके तेल आहे. वीज गेली तर त्याचा उपयोग. चला, आधी कोण येते?